मुरूम का येतात, आणि जायला वेळ का लागतो?

शाळेचे स्नेहसंमेलन चार दिवसांवर आलेले असते आणि नेमका त्याच वेळी नाकाच्या शेंड्यावर एक लालबुंद मुरूम उगवतो. मग सल्ल्यांचा पाऊस पडतो. आजी म्हणते, "अंगात उष्णता वाढली आहे, सब्जाचे पाणी घे." मावशी म्हणते, "तळलेले खाणे आधी बंद कर." वर्गमित्र सांगतो, "टूथपेस्ट लावून झोप, सकाळपर्यंत बसतो." औषधांच्या दुकानातला माणूस काही न विचारता एक ट्यूब पुढे करतो. चार दिवसांनी मुरूम बसलाच, तर शेवटी जो उपाय केला त्याला सगळे श्रेय मिळते. नाही बसला, तर तुमच्या नशिबाला बोल लागतो.

पुस्तकी मराठीत मुरमांना 'तारुण्यपीटिका' म्हणतात. नावातच वयाचा उल्लेख आहे. १२ ते २४ या वयोगटातील सुमारे ८५ टक्के मुलामुलींना त्या कमीअधिक प्रमाणात होतात. म्हणजे ४० जणांच्या वर्गात ज्यांना त्या कधीच होणार नाहीत अशांची संख्या फार थोडी असेल. इतक्या सार्वत्रिक गोष्टीबद्दल इतके गैरसमज का असावेत? याचे एक कारण असे, की मुरूम आपल्याला दिसतो तेव्हा त्याची सुरुवात होऊन कित्येक आठवडे उलटलेले असतात. कारण आणि परिणाम यांच्यात एवढे अंतर पडले, की मन भलत्याच गोष्टीला कारण ठरवू लागते. हे अंतर नीट समजले, तर मुरूम का येतात हे तर कळेलच. पण कोणता उपाय करावा आणि कोणता टाळावा, हेही आपोआप कळेल.

त्वचेतील तैलग्रंथी

आपल्या त्वचेवर असंख्य सूक्ष्म छिद्रे आहेत. त्यांतील पुष्कळशा छिद्रांतून एकेक केस बाहेर येतो. केस ज्या नळीसारख्या खळग्यात रुजलेला असतो तिला केशकूप म्हणतात. या केशकूपाला बाजूने एक लहानशी ग्रंथी जोडलेली असते. ती तैलग्रंथी. तिच्यात तयार होणारे तेलकट द्रव्य केशकूपातून वर येते आणि त्वचेवर पसरते. तळहात आणि तळपाय सोडले, तर या ग्रंथी जवळजवळ सर्व अंगावर आहेत. पण चेहरा आणि डोक्याची त्वचा येथे त्यांची दाटी सर्वांत जास्त, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ४०० ते ९०० इतकी असते. छाती आणि पाठीचा वरचा भाग येथेही त्या मोठ्या असतात. मुरूम नेमके याच जागी येतात, तळहातावर कधी येत नाहीत, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

एक सोपा प्रयोग करून पाहा. सकाळी चेहरा धुऊन चार तास काही लावू नका. मग पतंगाच्या कागदासारख्या पातळ कागदाचा एक तुकडा कपाळावर, दुसरा नाकाच्या बाजूला आणि तिसरा हाताच्या पुढच्या भागावर प्रत्येकी अर्धा मिनिट दाबून धरा. तिन्ही तुकडे उजेडासमोर धरून पाहा. कपाळावरच्या आणि नाकावरच्या तुकड्यांवर पारभासक डाग दिसतील; हातावरच्या तुकड्यावर फारसे काही दिसणार नाही. कागदाच्या तंतूंमध्ये हवेच्या पोकळ्या असतात. तंतू आणि हवा यांच्या अपवर्तनांकांत बराच फरक असल्याने प्रकाश तेथे विखुरतो आणि कागद पांढरा, अपारदर्शक दिसतो. पोकळ्यांत तेल शिरले, की तो फरक कमी होतो, विखुरणे घटते आणि प्रकाश आरपार येतो. भजी ठेवलेल्या कागदाचेही असेच होते.

वयात येताना काय बदलते?

तैलग्रंथी तर जन्मापासूनच असतात. मग मुरूम पाचवीत न येता आठवी-नववीतच का येतात? याचे उत्तर संप्रेरकांत आहे. वयात येण्याच्या सुमारास मुलांच्या वृषणांतून, मुलींच्या बीजांडकोशांतून आणि दोघांच्याही मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून पुरुष-संप्रेरके रक्तात मिसळू लागतात. 'पुरुष' असे नाव असले तरी ती मुलींच्या शरीरातही थोड्या प्रमाणात असतातच. या संप्रेरकांमुळे तैलग्रंथी मोठ्या होतात आणि जास्त तेल तयार करू लागतात.

याचा स्पष्ट पुरावा १९४१ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकाने मांडला. ज्या पुरुषांच्या शरीरात वयात येण्यापूर्वीपासूनच वृषणांची संप्रेरके तयार होत नव्हती, त्यांना मुरूम होत नसत. त्यांना ते संप्रेरक औषध म्हणून दिल्यावर मात्र काहींच्या चेहऱ्यावर मुरूम दिसू लागले. कारण काढून घेतले की परिणाम नाहीसा होतो, कारण परत आणले की परिणाम परत येतो, अशी ही तर्कशुद्ध मांडणी आहे.

मग एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मित्रांपैकी एकालाच जास्त मुरूम का? संप्रेरकांना तैलग्रंथी किती प्रतिसाद देतात, हे प्रत्येकाचे वेगळे असते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आईवडिलांना त्यांच्या तरुणपणी खूप मुरूम झाले असतील, तर मुलांनाही ते होण्याचा संभव वाढतो. यात कोणाचाही दोष नाही.

छिद्राला बूच बसते

नुसते तेल वाढल्याने मुरूम होत नाही. केशकूपाच्या आतल्या अस्तरातून मृत पेशी सतत सुटत असतात आणि तेलाबरोबर बाहेर वाहून जातात. मुरूम होणाऱ्या त्वचेत या पेशी जास्त प्रमाणात तयार होतात आणि सुटण्याऐवजी एकमेकींना चिकटून राहतात. तेल आणि पेशी यांचे मिळून छिद्राच्या तोंडाशी बूच तयार होते. सुरुवातीला ते इतके सूक्ष्म असते, की डोळ्यांना दिसत नाही. हीच मुरमाची पहिली पायरी.

बूच हळूहळू वाढते. छिद्राचे तोंड बंद राहिले, तर त्वचेखाली लहानसा पांढरट दाणा दिसतो. तोंड उघडे राहिले, तर काळा ठिपका दिसतो. हा काळा रंग मळाचा आहे असे जवळजवळ सर्वांना वाटते. तसे नाही. पेशींमधले मेलॅनिन हे रंगद्रव्य आणि हवेतील प्राणवायूशी होणारी रासायनिक क्रिया यांमुळे बुचाचे टोक काळे पडते. ते कितीही घासले तरी पांढरे होणार नाही.

आता तिसरा घटक येतो. आपल्या सर्वांच्याच केशकूपांत एक जीवाणू सुखाने राहत असतो. त्याचे शास्त्रीय नाव 'क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस'. २०१६ पर्यंत तो 'प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस' या नावाने ओळखला जात असे. त्याला प्राणवायू नको असतो आणि तेल हवे असते. बुचामागे हे दोन्ही जमून येते. तो तेलाचे विघटन करतो, दाहकारक द्रव्ये तयार होतात, शरीराच्या संरक्षक पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात आणि ती जागा लाल होते, सुजते, दुखते. पुढे पू धरतो. केशकूपाची भिंत फुटून आतला मजकूर आजूबाजूच्या उतीत पसरला, तर मोठी, खोल, दुखरी गाठ होते आणि ती बरी झाल्यावर खड्डा राहू शकतो.

हा सगळा प्रवास काही आठवड्यांचा असतो. आज आरशात दिसलेल्या मुरमाचे बूच साधारणपणे महिन्या-दोन महिन्यांपूर्वीच बसू लागलेले असते. काल खाल्लेल्या वड्याला त्यासाठी जबाबदार धरणे म्हणजे ऑगस्टमधल्या पुराबद्दल कालच्या सरीला दोष देण्यासारखे आहे.

दाबून फोडले तर?

मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून येथे थोडे गणित. मुरूम फोडताना आपण दोन नखांच्या कडांनी तो दाबतो. नखाची कड सुमारे १० मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर जाड धरू. म्हणजे दोन्ही नखांचे मिळून क्षेत्रफळ १० चौरस मिलिमीटर झाले. बल १० न्यूटन, म्हणजे साधारण एक किलोग्रॅम वजनाइतके धरले, तर

दाब = १० न्यूटन ÷ ०.००००१ चौरस मीटर = १०,००,००० पास्कल.

हा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहा पट आहे! अर्थात हा ढोबळ अंदाज आहे. पण आकडा किती मोठा आहे ते पाहा. आता पास्कलचा नियम आठवा. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो. मुरमातला पू वर जसा ढकलला जातो, तसाच खाली आणि बाजूलाही ढकलला जातो. वर घट्ट बूच बसलेले असते. खाली मात्र दाहामुळे आधीच कमकुवत झालेली केशकूपाची भिंत असते. ती फुटली, की पू खोलवर पसरतो. एका मुरमाची गाठ होते, आणि जो डाग महिन्याभरात गेला असता तो कायमचा खड्डा होऊन बसतो. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत दाह झालेल्या जागी काळसर डाग पडण्याची प्रवृत्ती जास्त असते आणि उन्हाने तो डाग अधिक गडद होतो. म्हणून मुरूम फोडू नये, हा सल्ला ऐकायला जुनाट वाटला तरी अगदी बरोबर आहे.

काही समजुतींची तपासणी

"तोंड नीट धुत नाहीस, म्हणून मुरूम येतात." बूच आत बसलेले असते, वरची घाण हे त्याचे कारण नाही. दिवसातून दोनदा आणि खेळून घाम आल्यावर चेहरा सौम्यपणे धुणे पुरेसे आहे. निरोगी त्वचेचा सामू साधारण ५ असतो, तर अंगाच्या साबणाचा ९ ते १० असू शकतो. सामूचे प्रमाण घातांकी असल्यामुळे ५ आणि ९ यांच्यातील फरक चौपट नसून दहा हजार पट आहे. दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने खसाखसा घासले, तर त्वचेचे संरक्षक आवरणच बिघडते आणि दाह वाढतो. मुलतानी माती वरवरचे तेल शोषून घेते, पण आतल्या बुचापर्यंत तिची मजल जात नाही. लिंबाचा सामू २ च्या आसपास, म्हणजे त्वचेपेक्षा सुमारे हजार पट आम्ल. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. टूथपेस्ट दातांसाठी बनवलेली असते; नाजूक त्वचेवर तिने आग होते.

"चॉकलेट खाल्ल्याने मुरूम होतात." १९६९ साली अमेरिकेत याची परीक्षा झाली. ६५ जणांना काही आठवडे भरपूर चॉकलेट असलेली वडी आणि काही आठवडे तशीच दिसणारी, पण चॉकलेट नसलेली वडी दिली. मुरमांत फारसा फरक पडला नाही. झाले, चॉकलेट निर्दोष सुटले! पण या प्रयोगातली मेख तुम्ही ओळखू शकाल का? तुलनेसाठी दिलेल्या वडीत साखर आणि स्निग्ध पदार्थ होतेच. म्हणजे परीक्षा फक्त कोकोची झाली, गोड खाण्याची नाही. प्रयोगात तुलनेसाठी काय निवडले, यावर निष्कर्ष किती अवलंबून असतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

पुढे २००२ साली एका संशोधकगटाने पापुआ न्यू गिनीतील किटावा बेटाच्या १,२०० रहिवाशांची तपासणी प्रसिद्ध केली. कंदमुळे, फळे, मासे आणि नारळ खाणाऱ्या या लोकांत एकालाही मुरूम आढळले नाहीत. पण त्यांची आनुवंशिकता आणि राहणीही वेगळी, त्यामुळे केवळ आहाराला श्रेय देता येत नाही. २००७ साली ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या ४३ तरुणांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला. रक्तातली साखर झपाट्याने न वाढवणारा आहार घेणाऱ्या गटातले मुरूम दुसऱ्या गटापेक्षा अधिक कमी झाले. त्यांचे वजनही घटले होते, म्हणून हाही शेवटचा शब्द नव्हे. तात्पर्य एवढेच, की शीतपेये, मिठाई आणि मैद्याचे पदार्थ बेताने खाणे चांगले. पण केवळ पथ्याने मुरूम जातील अशी अपेक्षा धरू नये आणि वाढीच्या वयात उपाशी तर मुळीच राहू नये.

"केसांना तेल चोपडले की चेहऱ्यालाही तजेला येतो." येथे मात्र उलटे आहे. डोक्याचे तेल ओघळून कपाळावर येते आणि तेथील छिद्रे बुजवण्यास मदत करते. कपाळावर केसांच्या कडेने बारीक दाण्यांची रांग दिसत असेल, तर आधी तेलाकडे पाहा. तेल लावायचेच असेल, तर बेताने लावावे, कपाळावर येऊ देऊ नये आणि नंतर केस धुवावेत.

उपचार कसे काम करतात?

मुरमांचे चार घटक आपण पाहिले: तेल, बूच, जीवाणू आणि दाह. प्रत्येक औषध यांतल्या एक-दोन घटकांवर काम करते.

बेन्झॉइल पेरॉक्साइड हे औषध केशकूपात शिरून प्राणवायू सोडते. प्राणवायू न मानवणारा जीवाणू त्यामुळे मरतो. विशेष म्हणजे या औषधाला जीवाणू सरावत नाहीत. २.५ टक्के तीव्रतेचे मलम १० टक्क्यांच्या मलमाइतकेच उपयोगी पडते आणि आग मात्र कमी करते, असे आढळले आहे. म्हणजे जास्त तीव्र म्हणजे जास्त चांगले, हे येथे खरे नाही. हे औषध कपड्यांचा रंग उडवते, म्हणून ते वापरताना पांढरा टॉवेल आणि पांढरा अभ्रा घ्यावा.

ॲडापॅलीन आणि ट्रेटिनॉइन ही अ जीवनसत्त्वाच्या कुळातली औषधे. ट्रेटिनॉइनचा मुरमांवरचा उपयोग अल्बर्ट क्लिग्मन यांनी सहकाऱ्यांसह १९६९ साली दाखवून दिला. ही औषधे केशकूपातल्या पेशींना चिकटू देत नाहीत, म्हणजे थेट पहिल्या पायरीवर, बूच बसण्यावरच, घाव घालतात. रात्री वाटाण्याएवढे मलम संपूर्ण चेहऱ्यावर पातळ लावायचे असते. सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, क्वचित मुरूम थोडे वाढल्यासारखेही वाटतात.

प्रतिजैविकांची मलमे आणि गोळ्याही दिल्या जातात. पण ती एकटी आणि फार काळ वापरली, तर जीवाणू त्यांना दाद देईनासे होतात. तीव्र, खड्डे पाडणाऱ्या मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन ही गोळी आहे. अमेरिकेत तिला १९८२ साली मान्यता मिळाली. ती तैलग्रंथींनाच आकुंचित करते आणि फार परिणामकारक आहे. परंतु गरोदरपणात घेतल्यास गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात. म्हणून ती त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय घ्यायची नाही, मैत्रिणीच्या पाकिटातली तर नाहीच.

आता सुरुवातीचा मुद्दा पुन्हा पाहा. दिसणारे मुरूम महिन्या-दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेले आहेत. आज लावलेले औषध मुख्यतः पुढच्या महिन्यात दिसू शकणाऱ्या मुरमांना अडवते. म्हणूनच ते फक्त मुरमावर टिपक्यासारखे न लावता, जेथे जेथे मुरूम येतात त्या सर्व भागावर लावायचे असते. आणि म्हणूनच ८ ते १२ आठवडे झाल्याशिवाय त्याचा गुण ठरवता येत नाही. दहा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून औषध सोडणारे अनेकजण चांगले औषध वाया घालवतात.

झटपट गुण देणारे धोकादायक मलम

एक मलम मात्र खरोखरच दोन-तीन दिवसांत लाली उतरवते आणि चेहरा उजळ दाखवते. ते म्हणजे स्टेरॉइड असलेले मलम. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावे ट्यूबवर बारीक अक्षरांत छापलेली असतात. काही त्वचारोगांवर डॉक्टर ती विचारपूर्वक देतात. पण मुरमांवर किंवा गोरे होण्यासाठी ती आठवडेच्या आठवडे लावली, तर त्वचा कागदासारखी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते आणि नवे मुरूम उठतात. लावणे थांबवले, की आग आणि लाली उसळते. म्हणून माणूस पुन्हा तेच मलम लावतो आणि त्या फेऱ्यात अडकतो. आपल्या देशात हा प्रकार इतका वाढला, की २०१८ साली केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री करण्यास मनाई केली. नियम झाला, तरी ट्यूबवरचे नाव वाचण्याची सवय आपणच लावून घ्यायला हवी. मुरमांसाठी कोणी ट्यूब दिली, तर आधी तिच्यातली द्रव्ये वाचा, आणि ही नावे दिसली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. मलम आधीपासून लावत असाल, तर घाबरून लपवू नका. घरी सांगा आणि डॉक्टरांना दाखवा.

नोंदवही ठेवा

मुरमांची संख्या कोणताही उपाय न करताही कमीजास्त होत असते. आपण नवा उपाय केव्हा सुरू करतो? मुरूम सर्वांत जास्त असतात तेव्हा. त्यानंतर ते थोडे कमी होणे स्वाभाविकच असते. पण श्रेय उपायाला मिळते. सब्जापासून टूथपेस्टपर्यंत प्रत्येक उपायाला साक्षीदार का मिळतात, याचे हे उत्तर. प्रयोगशाळेत एकाच वाचनावर आपण विश्वास ठेवत नाही, अनेक वाचने घेतो. येथेही तेच करावे. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, त्याच उजेडात चेहऱ्यावरचे मुरूम मोजा आणि आलेखकागदावर बिंदू मांडा. रोज मोजू नका. रोजचे चढउतार फक्त मनस्ताप देतात. आठ-दहा बिंदू झाले, की रेषा कोणीकडे झुकते आहे हे दिसेल आणि डॉक्टरांनाही त्या आलेखाचा उपयोग होईल.

खोल, दुखऱ्या गाठी असतील, खड्डे पडू लागले असतील, किंवा मुलींमध्ये मुरमांबरोबर मासिक पाळीही अनियमित असेल, तर थांबू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागातही हे उपचार मिळतात. आणखी एक गोष्ट तितकीच महत्त्वाची. चेहऱ्यामुळे शाळेत जावेसे वाटत नसेल, मित्रांत मिसळणे नकोसे झाले असेल, तर तेही लक्षणच समजा आणि आईवडिलांना किंवा डॉक्टरांना सांगा. मुरूम थोडे आहेत की फार, यावर त्या दुःखाचे माप ठरत नाही.

शिक्षकांना एक विनंती. "चेहऱ्याला काय झाले?" हा प्रश्न वर्गात सर्वांदेखत विचारू नये. त्याऐवजी कागदाचा प्रयोग वर्गात करावा. मुलांनी आपापल्या तुकड्यावर नाव न लिहिता फक्त शरीराचा भाग लिहावा, सर्व तुकडे एकत्र करून कोणत्या भागावर किती मोठा डाग पडतो याची सारणी करावी. पाचवीच्या आणि नववीच्या वर्गांच्या सारण्या शेजारी ठेवल्या, तर त्यांत फरक दिसतो का, आणि दिसला तर का, याची चर्चा मुलांनाच करू द्यावी.